काही नाही, ठीक आहे

पहिल्या दिवसाचा मुक्काम. तंबू उभे राहिलेले, स्टोव्हवर पातेलं चढलेलं, आणि जरा बाजूला एका ओंडक्यावर बसून एक मुलगी बुटाची नाडी सोडत होती. बूट निघाला, मोजा निघेना. टाचेवरचा फोड चालता चालता फुटला होता, त्यातलं पाणी मोज्यात मुरून वाळलं होतं आणि लोकर कातडीला घट्ट चिकटली होती. तिची लीडर, तीही जेमतेम विशीतली, कोमट पाणी घेऊन आली. मोजा भिजवून भिजवून सोडवला तेव्हा आत नाण्याएवढी लालबुंद जागा दिसली. ‘कधीपासून दुखतंय?’ ‘जेवायला थांबलो ना, त्याच्या थोडं आधीपासून.’ जेवणानंतर ते साडेतीन तास चालले होते. त्या साडेतीन तासांत लीडरने तीनदा मागे वळून विचारलं होतं, सगळे ठीक? आणि तिन्ही वेळा ही मुलगी सगळ्यांच्या आधी म्हणाली होती, ठीक.

ते साडेतीन तास डोक्यातून जात नाहीत.

अमेरिकेतल्या बऱ्याच कॉलेजांत वर्ग सुरू होण्याआधी नव्या मुलांना असं रानात नेतात. आठ-दहा मुलं, वरच्या वर्गातले दोन लीडर, चार-पाच दिवस, पाठीवर सॅक नाहीतर हातात वल्हं. डार्टमथ कॉलेजात हे 1935 पासून चालू आहे. तिथला आउटिंग क्लब तर 1909 सालचा. हार्वर्ड, प्रिन्स्टन, येल या सगळ्यांच्या आपापल्या सहली आहेत. कल्पना साधी आहे. होस्टेलच्या खोलीत आणि पहिल्या परीक्षेत एकटं पडण्याआधी चार चेहरे ओळखीचे व्हावेत. पण त्या चेहऱ्यांची गाठ कालच पडलेली असते, तीही कुठल्यातरी जिमखान्याच्या फरशीवर, सामानाच्या ढिगाऱ्यात. प्रत्येकाने मनात ठरवलेलं असतं की इथून पुढची चार वर्षं आपण अमुक असणार. घरी भित्रा होतो, इथे नसणार. शाळेत मागे राहायचो, इथे नाही राहणार. असं ठरवून आलेल्या माणसाला ‘जरा थांबा, माझी टाच दुखतेय’ हे वाक्य फार जड जातं.

आणि लाज हा त्यातला अर्धाच भाग. उरलेला अर्धा असा की आयुष्यात पहिल्यांदा पाठीवर पंधरा किलो घेऊन चालणाऱ्याला कुठलं दुखणं साहजिक आणि कुठलं नाही, हेच माहीत नसतं. खांदे दुखतात, मांड्या भरून येतात, टाच जळते. हे सगळं एकाच गाठोड्यात बांधून तो स्वतःला सांगतो, ट्रेकिंग म्हणजे असंच असणार. मांड्या भरून येणं हे खरंच असंच असतं. टाच जळणं तसं नाही. टाच जळायला लागते तेव्हा फोड अजून आलेला नसतो. ओलसर कातडी मोज्याला धरून राहते, आतलं हाड प्रत्येक पावलाला पुढे-मागे सरकतं, आणि मधले थर ताणले जाऊन एकमेकांपासून सुटायच्या बेतात असतात. त्या वेळी बूट काढून टाच कोरडी केली, मोज्यातली काडी-माती झटकली, चिकटपट्टीचा एक तुकडा कोपरे गोल कापून सुरकुती न पडता लावला, की काम झालं. कोपरे गोल अशासाठी की चौकोनी कोपरा मोज्यात अडकून उचकटतो आणि त्याचाच नवा काच होतो. पाच मिनिटांचं काम. तेच दोन तासांनी केलं तर आत पाणी धरलेलं असतं आणि मग जाड नमद्याच्या पट्टीला मधोमध भोक पाडून, फोड त्या भोकात बसवून दाब आजूबाजूला वळवावा लागतो. फुटल्यावर तर जखमच ती. धुवा, झाका, रोज बदला, लाली पसरतेय का बघा.

म्हणून अनुभवी लीडर ‘सगळे ठीक?’ हा प्रश्नच विचारत नाहीत. ज्या प्रश्नाचं उत्तर ‘ठीक’ असं देता येतं तो विचारून उपयोग काय? चालायला लागल्यावर वीस मिनिटांनी, फार तर अर्ध्या तासाने ते थांबतात आणि म्हणतात, बूट काढा. सगळ्यांनी. ज्याचं काही दुखत नाही त्यानेही. लीडर स्वतः आधी काढतो. मग कोणाला काही कबूल करायचं राहत नाही. टाच लाल आहे की नाही ते दिसतंच.

सॅकचंही तेच. नवा मुलगा सॅक पाठीवर घेतो, खांद्याचे पट्टे करकचून ओढतो आणि कमरेचा पट्टा बेल्टसारखा पोटावर सैल लावून निघतो. तासाभरात खांद्यात कळा. आपण कमजोर आहोत असं त्याला वाटतं, आणि सॅक चुकीची लागलीय हे बिचाऱ्याच्या गावीही नसतं. कमरेचा पट्टा पोटावर नाही, दोन्ही बाजूंच्या हाडांच्या कडेवर बसायला हवा. इतका, की हाडाची वरची कड पट्ट्याच्या साधारण मध्यावर येईल. आधी सगळे पट्टे सैल करायचे, सॅक चढवायची, खांदे किंचित उचलून कमरेचा पट्टा आवळायचा, मग खांद्याचे पट्टे फक्त टेकतील इतके, मग खांद्यावरून सॅकच्या डोक्याकडे जाणारे छोटे पट्टे, पंचेचाळीस अंशांच्या आसपास कलतील असे, आणि सगळ्यात शेवटी छातीचा. बहुतेक वजन कमरेवर उतरलं पाहिजे. उतरलं की नाही हे बघायची सोपी युक्ती म्हणजे खांद्याचा पट्टा आणि खांदा यांच्यात दोन बोटं सरकवून बघायची. सहज सरकली तर ठीक. नाहीतर बहुतेक वेळा पाठीची लांबी चुकलेली असते, आणि ती दोरी ओढून सुधारत नाही, दुसरी सॅक द्यावी लागते. म्हणून हे सगळं आदल्या संध्याकाळी, गोदामाजवळ असतानाच बघायचं.

भरताना स्लीपिंग बॅग तळाला, खाण्याच्या पिशव्या आणि इंधन पाठीलगत मध्यावर, हलकं बाहेरच्या बाजूला, रेनकोट सगळ्यात वर. आत एक जाड कचऱ्याची पिशवी अस्तरासारखी. सॅकवरची टोपी मुसळधार पावसात फारशी कामाची नसते. एकूण वजन अंगाच्या वजनाच्या चौथ्या हिश्श्यापलीकडे जाऊ नये. खाणं कोरडं धरलं तरी माणशी रोज 700 ते 900 ग्रॅम, म्हणजे दहा जणांना चार दिवसांसाठी तीस-पस्तीस किलो. ते वाटून घेताना गंमत बघावी. दोन-तीन मुलगे ‘मला द्या, मला द्या’ करत पातेली, तंबू, इंधनाच्या बाटल्या कोंबून घेतात. दुसऱ्या दिवशी दुपारी तेच सगळ्यात मागे असतात आणि वजन परत द्यायला मागत नाहीत. एक स्टोव्ह परत करायला इतकं धैर्य लागतं, हे स्टोव्ह बनवणाऱ्याच्या मनातही आलं नसेल.

सुती कपडेही आदल्या संध्याकाळीच वगळतात. जीन्स, टी-शर्ट, जाड हुडी. ओला सुती कपडा वाळता वाळत नाही आणि अंगातली ऊब खेचून घेतो. लोकर किंवा सिंथेटिक ओलं झालं तरी थोडी ऊब धरतं. हे सगळ्या सूचनांच्या कागदावर लिहिलेलं असतं आणि तरी दरवर्षी कोणीतरी आवडती हुडी तळाशी लपवून नेतंच. दोष तरी काय द्यायचा? घर सोडून आठवडाही झालेला नसतो.

चालण्याच्या वेगाबद्दल नकाशावरचं गणित आहे, नाइस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाचं, 1892 सालचं. तासाला पाच किलोमीटर, शिवाय दर 600 मीटर चढाला एक तास वाढवा. नव्या मुलांच्या तुकडीने त्यावर विसंबून बेत आखला तर तंबू अंधारात लागतात. थांबे, लघवी, पट्टे, पाणी, ‘माझी बाटली राहिली’ हे सगळं धरून तासाला दोन-अडीच किलोमीटर होतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे रांगेत कोण कुठे. सगळ्यात हळू चालणाऱ्याला शेवटी ठेवलं की रबर ताणल्यासारखी रांग लांबत जाते. पुढचे एका वळणावर थांबतात, पाणी पितात, हसतात-खिदळतात. तो धापा टाकत पोचतो तेव्हा त्यांची विश्रांती झालेली असते आणि ते उठतात. म्हणजे जो सगळ्यात दमलाय त्यालाच सगळ्यात कमी बसायला मिळतं. दिवसभर हे चाललं की संध्याकाळी तो कोणाशी बोलत नाही, आणि बाकीच्यांना तो घुमा वाटायला लागतो. त्याला सगळ्यात पुढे चालणाऱ्या लीडरच्या पाठीमागे, दुसरा किंवा तिसरा ठेवायचा. रांगेच्या शेवटी दुसरा लीडर. थांब्याची दहा मिनिटं शेवटचा माणूस पोचल्यापासून मोजायची. मात्र ‘तू पुढे ये’ हे सगळ्यांदेखत म्हणायचं नाही. ‘नकाशा धरायला कोणीतरी हवंय’ असं काहीतरी काढायचं.

आता संकोचाच्या राजाकडे येऊ. रानात शौचाला जाणं. नियम सगळीकडे जवळपास एकच आहे. पाणी, वाट आणि मुक्काम, तिन्हींपासून साठेक मीटर दूर. छोट्या फावड्याने 15 ते 20 सेंटिमीटर खोल खड्डा. झाल्यावर तीच माती परत. त्या खोलीला मातीतले जीव काम करतात. त्याहून वर ठेवलं तर प्राणी उकरतात. कागद बऱ्याच ठिकाणी पिशवीत भरून परत आणावा लागतो. पाळीच्या दिवसांसाठी बाहेरून चिकटपट्टी गुंडाळलेली, आतलं न दिसणारी झिपची पिशवी प्रत्येक मुलीला आधीच दिलेली असावी, न मागता. मागावी लागली तर ती मागितली जात नाही. हे कळत असलं तरी नवी मुलं दोन-दोन, तीन-तीन दिवस आवरून धरतात. आवरायचं म्हणून कमी खातात, कमी पितात. मग तिसऱ्या दुपारी एकाचं डोकं दुखायला लागतं, मळमळतं, आणि लीडर ऊन लागलं का, पाणी वाईट होतं का, असं शोधत बसतो. त्यावर उपाय म्हणजे पहिल्याच संध्याकाळी जेवताना, हो, जेवतानाच, लीडरने हा विषय मोठ्याने काढायचा. फावड्याला काहीतरी फालतू नाव ठेवायचं. ते सॅकच्या बाहेर, सगळ्यांना दिसेल असं लटकवायचं, म्हणजे मागावं लागत नाही, नुसतं उचलायचं. आणि परत आल्यावर हात धुवायचे. तुकडीतल्या तुकडीत पोट बिघडतं ते ओढ्याच्या पाण्याइतकंच एकमेकांच्या हातांनी, एकाच चिवड्याच्या पिशवीत घातलेल्या हातांनी.

स्वयंपाकाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही; पास्ता तळाला लागतो आणि तो सगळे खातात. रात्री मात्र खाणं, टूथपेस्ट, वास येणारं क्रीम, सगळं एका पिशवीत घालून जमिनीपासून तीन-साडेतीन मीटर उंच आणि खोडापासून दीड-दोन मीटर लांब टांगायचं असतं, अस्वलांसाठी. ‘कोणाकडे काही राहिलंय का?’ असं विचारलं की सगळे नाही म्हणतात. ‘सगळ्यांनी खिसे उलटे करा’ म्हटलं की तीन चॉकलेटं निघतात.

पाण्यावर गेलं की चित्र जरा बदलतं.

मिनेसोटाच्या उत्तरेला, कॅनडाच्या सीमेलगत बाउंड्री वॉटर्सचा तळ्यांचा प्रदेश आहे. एका तुकडीत जास्तीत जास्त नऊ माणसं आणि चार होड्या असा तिथला नियम, आणि तो पाण्यावर, वाटेवर, मुक्कामावर कुठेही मोडायचा नाही. पाच मीटरभर लांबीची, दोन्ही टोकांना निमुळती कनू. दोघं जण, एक पुढे, एक मागे. पुढचा जोर देतो, मागचा दिशा धरतो. मागच्याने डावीकडून नुसतं सरळ वल्हं मारलं की नाव उजवीकडे वळत जाते. म्हणून वल्हं शेवटाला आलं की अंगठा खाली वळवून पातं किंचित बाहेर ढकलायचं. वरून पाहिलं तर पाण्यात इंग्रजी J अक्षर काढल्यासारखं. नव्या माणसाचा अंगठा हमखास वर जातो. मग पातं ब्रेकसारखं अडतं, नावेचा वेग मरतो, तो घाबरून बाजू बदलतो, नाव दुसरीकडे पळते. तळ्यावर पहिल्या सकाळी सगळ्या नावा नागमोडी जात असतात आणि सगळ्या नावांतून एकच संवाद ऐकू येतो: ‘तू काय करतोयस मागे?’ ‘तूच जोरात मारतेयस!’

इथे ‘ठीक आहे’ म्हणायची सोयच नसते. नाव वाकडी चाललीय हे अख्ख्या तळ्याला दिसतं. समोरून वारा असेल तर पुढचं टोक किंचित जड हवं, नाहीतर ते वर उचललं जातं आणि वारा त्याला फिरवतो. म्हणजे सॅक पुढे सरकवायच्या, आणि त्यासाठी बोलावंच लागतं. मोठं तळं ओलांडायचं ते सकाळी लवकर, वारा उठायच्या आत, आणि उठलाच तर काठाकाठाने. उलटलो तर काय करायचं, हे काठाजवळ मुद्दाम उलटून शिकवतात. लाइफ जॅकेट घातलेलं आणि बंद केलेलं. नुसतं अंगावर असून उपयोग नाही. नाव सोडायची नाही. थंड पाण्याचा हिशेब एक-दहा-एक असा सांगतात: पहिलं एक मिनिट फक्त श्वास ताळ्यावर आणायचं, हातपाय धड चालतील अशी साधारण दहा मिनिटं, आणि शुद्ध हरपायला तासभर. म्हणजे घाबरून पहिल्या मिनिटात काही करायला जाऊ नका, आणि नंतरची दहा मिनिटं वाया घालवू नका. दुसरी नाव येते, उलटी नाव तिच्यावर आडवी ओढून घेतात, पाणी निथळतं, पालथी केलेली नाव सुलटी करून परत सरकवतात, आणि ती घट्ट धरून ठेवतात म्हणजे पाण्यातल्यांना चढता येतं. दोन-तीनदा केलं की जमतं.

दोन तळ्यांच्या मधे नाव डोक्यावर घेऊन चालावं लागतं. ते अंतर तिथे अजून रॉडमध्ये मोजतात, एक रॉड म्हणजे साडेसोळा फूट, जवळपास एका कनूएवढं. शंभर रॉड म्हणजे अर्धा किलोमीटर. पण सामान एका खेपेत जात नसेल तर जाणं, येणं, पुन्हा जाणं मिळून दीड. ॲल्युमिनियमची नाव तीस किलोच्या पुढे, केव्हलार या हलक्या धाग्याची वीसच्या आसपास. खांद्यावर मधलं जू टेकवून एकटा माणूस ती उचलतो. आत गेल्यावर समोरची दोन मीटर जमीन सोडून काही दिसत नाही, श्वासाचा आवाज घुमतो, आणि दोन्ही हात अडकलेले असताना डास नेमके मनगटावर बसतात. दमला तर पुढच्याने नावेचं टोक हातांनी वर धरायचं, म्हणजे खालचा निसटून बाहेर येतो. त्यासाठी त्याला आतून ओरडावं लागतं. आणि गंमत म्हणजे इथे मुलं ओरडतात. एरवी टाच सोलून निघाली तरी गप्प बसणारी मुलगी नावेखालून स्वच्छ ओरडते, ‘धरा!’ कारण तिने टाकली तर नाव फुटेल, आणि नाव सगळ्यांची आहे. टाच काय, एकटीची.

या सगळ्या शिक्षणाच्या मुळाशी सोसण्याचंही एक तत्त्व आहे, ते नाकारता येत नाही. 1941 साली वेल्समधल्या ॲबरडोव्हीला शिक्षणतज्ज्ञ कुर्ट हान आणि जहाजमालक लॉरेन्स होल्ट यांनी आउटवर्ड बाउंड ही शाळा सुरू केली ती तरुण खलाशांसाठी, युद्धाच्या दिवसांत. बंदर सोडून निघालेलं जहाज, हा त्या नावाचा अर्थ. अडचणीत घाला, माणूस घडतो. खलाशांसाठी ते खरंही असेल. पण कॉलेजच्या पहिल्या आठवड्यात सोसायला शिकवावं लागत नाही, ते पोरं घरूनच शिकून आलेली असतात. संध्याकाळी गोल बसून प्रत्येकाने आजचा गुलाब, आजचा काटा आणि उद्याची कळी सांगायची अशी पद्धत बऱ्याच तुकड्यांत असते. मला ती जरा गुळगुळीत वाटते. पहिल्या रात्री नऊ गुलाब आणि शून्य काटे. लीडरने स्वतःचा खराखुरा काटा आधी सांगितला तरच दुसऱ्या रात्री एखादा येतो.

आणि बूट. सॅक, स्लीपिंग बॅग, रेनकोट, सगळं कॉलेजच्या गोदामातून उसनं मिळतं. दुसऱ्याच्या पायाला सरावलेले बूट मात्र उसने घेऊन भागत नाही. ‘बूट आधी वापरून मऊ करून आणा’ असं उन्हाळ्यातल्या पत्रात लिहिलेलं असतं. ज्याच्या घरात सुट्टीत डोंगरावर जायची पद्धत आहे त्याला त्या एका ओळीचा अर्थ कळतो: दोन-तीन आठवडे, आधी घरात, मग बाहेर, मग वजन घेऊन, तेच मोजे घालून. ज्याच्या घरात नाही, तो ती ओळ वाचतो, दुकानातून बूट आणतो, एकदा घालून बघतो आणि जपून खोक्यात ठेवतो. नवी वस्तू आहे ना. त्या मुलीच्या बुटांच्या तळव्याच्या खाचा अजून काळ्याकुळकुळीत होत्या. हे आदल्या संध्याकाळी, सॅक बघताना, दिसण्यासारखं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाटेला लागून वीस मिनिटं झाली आणि लीडर थांबली. ‘बूट काढा. सगळ्यांनी.’ थोडी कुरकूर झाली, मग नाड्या सुटायला लागल्या. दव पडलेल्या गवतावर ओळीने पाय, त्यांचा तो विशिष्ट वास. मुलीची पट्टी जागेवर होती. तिच्या शेजारी तो मुलगा बसला होता, सगळ्यांना नकाशा समजावून सांगणारा, लहानपणापासून डोंगर चढलेला, पातेली आणि दोन्ही इंधनाच्या बाटल्या घेतलेला. त्याच्या उजव्या करंगळीच्या बाजूला गुलाबी चट्टा होता. ‘हे? हे काही नाही,’ तो म्हणाला आणि मोजा वर ओढायला लागला. मुलीने मांडीवरचं चिकटपट्टीचं भेंडोळं उचललं, एक तुकडा फाडला, कात्रीने चारही कोपरे गोल केले आणि त्याच्यापुढे धरला.